दीड फेरा

नेत्राचा फोन रविवारी येतो, हडर्सफील्डहून.
तिथल्या कौन्सिलात ती घरपट्टीच्या टेबलावर बसते.
म्हणाली, काका, आमच्या कौन्सिलाचं नाव कर्कलीज,
पण कर्कलीज नावाचं शहर शोधून सापडायचं नाही.
शेजारच्या कौन्सिलाला नदीचं नाव.
मी म्हटलं, गावं भांडत असतील नावावरनं.
म्हणाली, असतील.

अशी पाच मिळून एक काउंटी, वेस्ट यॉर्कशायर.
पाचांच्या डोक्यावर एक मोठं कौन्सिल होतं, वेकफील्डला.
शहाऐंशी साली सरकारनं ते मोडलं.
जिल्हा राहिला, कचेरी गेली.

"मग रस्ते?"
"पाचांनी वाटून घेतले."
"आणि पाणी?"
"पाणी कंपनीकडं, काका."
मी विषय बदलला. थंडी किती आहे विचारलं.

आमच्याकडं उलटं.
कचेऱ्या मोप. जिल्ह्याचं नाव तेवढं दोन तऱ्हेनं लिहितात,
आणि एकानं लिहिलं की दुसरा
रात्री डांबराचा डबा घेऊन निघतो.

मी भरमाणी पावशे, व्हॉल्व्हमन, वडगाव लाईन.
पहाटे साडेतीनला सायकल, दांड्याला आडवी बांधलेली चावी,
चार फुटी, टी आकाराची, माझ्या बापापेक्षा जड हाताची.
राकसकोपचं पाणी येतं. धरणावर उभं राहिलं
की पलीकडं तुडये, चंदगड तालुका, दुसरं राज्य.
तिथल्या म्हशी आणि आमची मोटर एकच पाणी पितात,
यावर अजून कुणी मोर्चा काढलेला नाही.

गेल्या महिन्यात नवा नकाशा आला, प्रभाग पुनर्रचना.
कोवळा इंजिनियर, हसनसाब मुल्ला यांचा धाकटा,
बोट ठेवून विचारतो, ही रेघ कुठनं जातेय सांगा.
नकाशावरची नावं कन्नडात. मी एकेक अक्षर जोडत गेलो
आणि आमच्याच गल्लीत येऊन थांबलो.
डावी बाजू एका वॉर्डात, उजवी दुसऱ्या.
व्हॉल्व्हचा खड्डा बरोबर रेघेवर.
"तक्रार कुठल्या वॉर्डात घालायची मग?"
"अर्जात तो कॉलम भरावाच लागतो," तो म्हणाला.
चहा पाजला त्यानं. पोरगा चांगला आहे.

लोक म्हणतात, पाण्याला हद्द नसते.
त्यांनी कधी चावी फिरवलेली नाही.
खालच्या अंगाला, माग चालतात तिकडं,
दीड फेरा सोडला की हंडे ओसंडतात.
वर, टेकाडाच्या बाजूला, साडेचार फेरे सोडा,
तरी रत्नव्वाच्या नळाला आधी नुसता वारा येतो,
मग गंजाचं पाणी, मग थेंब.
कुणाला किती फेरे, हे कुठल्या ठरावात नाही.
माझ्या मनगटात आहे.
एकदा सुनेच्या माहेरासाठी अर्धा फेरा जास्त सोडला होता.
कुणाला कळलं नाही. मला कळलं.
एकतीस वर्षं अंधारात
मीही एक रेघ ओढत आलोय,
आणि माझ्या विरोधात कुणी उभं राहू शकत नव्हतं.

आता चोवीस तास पाणी येणार, मीटरवर.
व्हॉल्व्ह आपोआप फिरणार म्हणे, कॉम्प्युटरनं.
स्टोअरला चावी परत करायला गेलो,
तर रजिस्टरात तिची नोंदच नाही.
कारकून म्हणाला, आमची नव्हं ही. घेऊन जावा घरला.

रविवारी नेत्राला सांगितलं.
ती म्हणाली, वेकफील्डच्या त्या मोठ्या इमारतीचं
पुढं काय झालं, मला ठाऊक नाही. विचारते.

चावी दाराआड उभी आहे.
साडेतीनला जाग येतेच.
काल रत्नव्वा दारात,
"पाणी कधी सोडायलास?"
मी म्हटलं, आता मी नाही सोडत.
तिनं घागर खाली ठेवली.
"मग कोण?"

मी नकाशातल्या रेघेकडं बोट करावं
म्हणून हात उचलला.
गल्लीत रेघ कुठंच दिसत नव्हती.
तिची घागर तेवढी होती, रस्त्याच्या मधोमध.